शेवटचे पाणी

टेबलावर साठ चादरी होत्या, साठ अभ्रे होते आणि हे सगळे ज्यात बांधून आणले तो एक विटलेला पलंगपोस होता. चादरींपैकी एकोणतीस पिवळ्या पडल्या होत्या. पिवळेपणा सगळीकडे सारखा नव्हता. घडीच्या रेषांवर ठसठशीत आणि कडेला फिकट. उरलेल्या एकतीस पांढऱ्या होत्या. अभ्र्यांत पिवळा एकही नव्हता.

धाकटीने चादरी दोनदा मोजल्या, अभ्रे एकदा.

"झालं मोजून?" थोरली दारात उभी राहून म्हणाली. "की आता दोरेपण मोजायचेत?"

"मोजले असते. पण तोवर तुम्हाला उभं राहावं लागलं असतं. तुम्हाला सवय नाही."

थोरलीने ओठ आवळले. दोघी एकाच घरातल्या सुना. वरच्या मजल्यावर राहायच्या आणि खालच्या मजल्यावर लॉन्ड्रीत काम करायच्या. लॉन्ड्री सासूबाईंनी उभी केलेली. थोरला मुलगा गाडीवर गठ्ठे आणायचा-पोचवायचा, धाकटा इस्त्रीच्या रोलरवर असायचा. बायकांची जुंपली की पहिल्याला हमखास टायरची हवा बघायची असायची आणि दुसऱ्याला रोलरच्या आवाजात काही ऐकू यायचे नाही. दोघांनीही ही कला इतकी कमावली होती की रोलर बंद असतानासुद्धा धाकट्याला ऐकू येत नसे.

गठ्ठा परत आला होता वृद्धाश्रमातून. मेट्रनबाई स्वतः रिक्षात घालून घेऊन आल्या होत्या, आणि आल्या त्या बसल्यादेखील नाहीत. तीन म्हाताऱ्यांच्या पाठीवर तांबडे चट्टे उठलेत, डॉक्टर म्हणाले की कपड्यात साबण राहतोय, असे त्यांनी उभ्याउभ्या सांगितले. "आमच्या बायका दिवसभर पाठीवर झोपून असतात हो," त्या म्हणाल्या. "त्यांना कूस बदलायला माणूस लागतो. असा अजून एक गठ्ठा आला तर मी दुसरीकडे जाईन. तुमच्याशी भांडायला मला वेळ नाही."

सासूबाईंनी मान खाली घातली. थोरलीने आणि धाकटीनेही ती मान खाली जाताना पाहिली, आणि आपल्यामुळे गेली असे दोघींपैकी एकीलाही वाटले नाही.

मेट्रनबाई गेल्यावर धाकटी म्हणाली, "आई, हे एकाच हाताचं काम आहे."

"कशावरून?"

"वृद्धाश्रमाच्या चादरींच्या रोज दोनच फेऱ्या होतात. एक सकाळी ताईंची, एक दुपारी माझी. एका फेरीत तीस चादरी बसतात. पिवळ्या एकोणतीस. एखादीवरचा डाग दिसला नसेल. म्हणजे एकीची अख्खी फेरी खराब आणि दुसरीची अख्खी चांगली."

"हां," थोरली म्हणाली. "आणि चांगली कोणाची ते तुम्ही सांगणार."

"मी नाही. पाणी सांगेल."

"अभ्रे सगळे मी धुते. साठच्या साठ. त्यांतला एकही पिवळा नाही, ते मोजलंत की तेवढं मोजायचं राहिलं?"

"अभ्रा पातळ असतो. त्यातून साबण लवकर निघतो. चादरीचं कापड जाड." उत्तर धाकटीच्या जिभेवर तयारच होते. ते तिला इतके पटले होते की ते तपासावे असे तिच्या मनातही आले नाही.

धाकटीने रसायनशास्त्रात पदवी घेतली होती. लग्न होऊन आली तेव्हा पहिले वर्षभर थोरलीने तिला घड्यांच्या टेबलाला जुंपले. टेबल खिडकीपासून लांब, भिंतीकडे तोंड करून. सकाळी टॉवेल, दुपारी टॉवेल, संध्याकाळी टॉवेल. कोपऱ्याला कोपरा जुळला नाही की थोरली पाठीमागून येऊन घडी उचलायची, झटकून मोडायची आणि पुन्हा समोर टाकायची. तोंडाने अवाक्षर काढायची नाही. त्या वर्षी धाकटीला स्वप्नेदेखील टॉवेलांचीच पडत. मग वृद्धाश्रमाचे काम मिळाले. मेट्रनबाईंनी पावडर किती घालता, पाणी किती गरम, असे विचारले तेव्हा घरात फक्त धाकटीला ग्रॅम आणि अंश यांत उत्तर देता आले. सासूबाईंनी दुपारचे मशीन तिच्या हवाली केले. मशीनच्या खोलीला खिडकी होती, दार होते, आणि ते दार आतून लावता येत होते. ते मशीन आपल्याकडे राहावे यासाठी धाकटी वाटेल ते करायला तयार होती. त्याहून जास्त म्हणजे, ते सकाळचेही आपल्याकडे यावे, थोरली भिंतीकडे तोंड करून टॉवेल घडी घालताना दिसावी, आणि एखाद्या दिवशी आपण पाठीमागून जाऊन एक घडी उचलून झटकावी, असे तिला वाटे.

"पाणी कसं सांगणार?" सासूबाईंनी विचारले.

धाकटी त्यांना मशीनपाशी घेऊन गेली. मशीन जुने, दुसऱ्या हाताचे. बटणांवरची इंग्रजी अक्षरे बोटांनी झिजून गेली होती. वाचता येण्याजोगे एकच उरले होते. तिने त्यावर बोट ठेवले.

"रिन्स आउट. रिन्स म्हणजे विसळणं. आउट म्हणजे बाहेर. नुसतं पाणी दाखवून काढणं म्हणजे रिन्स आउट नाही. आत जे चिकटलंय ते सगळं बाहेर जाईपर्यंत विसळायचं. बाटली रिन्स आउट करतात, तोंड रिन्स आउट करतात—"

"म्हणजे चूळ भरणं," थोरली मागून म्हणाली. "एवढं कळायला कॉलेजात जावं लागतं का हो?"

"चूळ भरून ती थुंकायची असते, ताई. तुमचं मशीन गिळतं. तुम्ही बटण दाबून फोन घेऊन बसता. पाणी पुरतं भरलं का, निघालं का, कोण बघतं?"

"मी वीस वर्षं कपडे धुतेय."

"तेच म्हणतेय मी. वीस वर्षं एकच चूळ."

"तोंड सांभाळ!"

"अगं पुरे!" सासूबाईंनी मशीनवर थाप मारली. पत्रा घणघणला. "तोंडं बंद करा दोघी. बाहेर गिऱ्हाईक उभं असेल तर आपलेच कपडे चव्हाट्यावर धुताय असं म्हणेल. पाणी कसं सांगणार ते सांग, आणि थोडक्यात सांग."

धाकटीने सांगितले. साबण, सोडा पाण्यात राहिला की पाणी अल्कधर्मी होते. त्यात कागदाची चाचणी-पट्टी बुडवायची, तिचा रंग बदलतो, तो पट्ट्यांच्या डबीवरच्या रंगांशी जुळवायचा. स्वच्छ पाणी सात. जसजसा सोडा, तसतसा आकडा वर. शेवटचे पाणी गेल्यावर ओली चादर बाटलीत पिळायची आणि पट्टी बुडवायची. कापडात काय उरले ते तिथेच कळेल. आणि तो सोडा कापडात राहून रोलरखाली गेला की भाजून पिवळा पडतो.

"आकडा कितीच्या वर गेला तर वाईट?"

"आठ."

"ठरलं तर," सासूबाई म्हणाल्या. "जिची बाटली आठच्या वर, ती मशीनला हात लावणार नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. टेबलावर जाईल."

"आणि दोघींच्या वर गेल्या तर?" थोरलीने विचारले.

"तर मी चालवीन. माझे गुडघे गेलेत, हात गेलेले नाहीत."

धाकटीला एवढ्यावर थांबता आले असते. पण थोरली उद्या एरवीपेक्षा दोनदा जास्त विसळेल आणि सुटेल, हे तिला स्पष्ट दिसत होते. म्हणून तिने अट घातली. "एक आहे, आई. रोज करतो तसंच करायचं. पावडर तीच, चादरी त्याच गठ्ठ्यातल्या. बटण रोज जितक्या वेळा दाबतो तितक्याच वेळा. एक थेंब जास्त नाही, एक फेरी जास्त नाही. नाहीतर चाचणीला अर्थ नाही."

"मला चालेल," थोरली म्हणाली.

"तुम्हाला चालायलाच हवं."

"मी म्हटलं ना चालेल. आता काय, लिहून देऊ?"

त्या संध्याकाळी धाकट्याला ऐकू आले. जेवताना तो बायकोला म्हणाला, "कशाला हे सगळं? वहिनी टेबलावर गेली तर तुला जगू देईल का ती?"

"तुम्ही वर्षभर मला त्या टेबलावर बघत होतात. तेव्हा माझं कसं चाललं होतं ते विचारलंत का कधी?"

धाकट्याने भाताचा पुढचा घास कालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई खुर्ची घेऊन मशीनसमोर बसल्या. धाकटी दाराला टेकून उभी राहिली. तिला एकेक गोष्ट बघायची होती, आणि थोरलीने तिला निराश केले नाही.

मशीनच्या वरच्या अंगाला पावडरचा कप्पा होता. धुताना पाण्याची धार त्यातून जाऊन पावडर आपोआप ड्रममध्ये उतरायची. थोरलीने पावडर मापाने घातलीच नाही. डब्यात हात घालून तिने दोन मुठी भिरकावल्या; अर्धी कप्प्यात पडली, थोडी काठावर, थोडी चपलेवर. कप्पा आदल्या फेऱ्यांनी ओलाच होता. गार पाण्याची धार वरवरून वाहून गेली आणि खाली बुडाला, कोपऱ्यांत, पावडरीचा लगदा बसला. तो तिथे रोजच बसायचा. दुपारपर्यंत त्याचा खडूसारखा घट्ट थर व्हायचा. थोरलीने त्याला आयुष्यात कधी बोट लावले नव्हते. कप्पा धुवायचा असतो हेच तिच्या गावी नव्हते.

बटण दाबून थोरली बसली आणि तिने फोन काढला. पाणी भरले, गेले, भरले, गेले. ती एकदाही उठली नाही. मशीन थांबल्यावर तिने एक चादर ओढून काढली, सासूबाईंच्या देखत बाटलीत पिळली आणि बूच लावले.

"घ्या. विषच आहे ते, पिऊ नका," ती धाकटीला म्हणाली.

"पट्टी दुपारी बुडवू. दोन्ही एकदम," धाकटी म्हणाली. तिचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला होता. असा आवाज तिला फक्त जिंकताना लागत असे.

बाटली सासूबाईंनी स्वतःच्या मांडीवर ठेवून घेतली.

दुपारी धाकटीने बाह्या सारल्या. चादरी कोरड्या तोलल्या. पावडर काट्यावर मोजली, चमच्याच्या टोकाने दोन कण परत डब्यात टाकले आणि उरलेली कप्प्यात न घालता थेट ड्रममधल्या चादरींवर पसरली. पाण्याची उष्णता पाहिली. थोरली आता दारात होती, हाताची घडी घालून.

"सोनारीण बसलीय," ती म्हणाली.

"तुम्हाला सोनं ओळखू येत नाही त्याला मी काय करू?"

धुणे झाले. पहिले पाणी गेले. दुसरे पाणी गेले. शेवटचे पाणी भरू लागले तशी धाकटीने सासूबाईंची खुर्ची मशीनच्या काचेजवळ सरकवली. "इथे बघा, आई. फेस दिसतोय का?"

सासूबाईंनी चष्मा लावून वाकून पाहिले. काचेआड चादरी वर जात होत्या, खाली पडत होत्या. पाणी नितळ होते. "नाही दिसत."

"याला म्हणतात रिन्स आउट."

"छान आहे हो."

आणि मग धाकटीने ते केले जे ती रोज करायची. तिने केटली आणली. शेवटचे पाणी चालू असताना तिच्या हाताला दुसरे काम नसे, आणि पुढच्या फेरीआधी कप्पा स्वच्छ असलाच पाहिजे असा तिचा नियम होता. थोरलीची घाण तिच्या पाळीत राहता कामा नये. ती स्टुलावर चढली, कप्प्याचे झाकण उघडले आणि थोरलीला नीट दिसेल असे बाजूला झाली.

"हे बघा, आई. हे सकाळचं. रोज हे असं मागे ठेवतात आणि रोज मी साफ करते. आजवर बोलले नाही."

"आजवर!" थोरली हसली.

धाकटीने उकळते पाणी ओतले. ब्रशने कोपरे खरवडले. पांढरा थर भेगाळला, सुटला, विरघळला आणि कप्प्याच्या भोकातून गडगडत खाली गेला. कप्पा चकचकीत झाला. तिने बोट फिरवून पाहिले, नखाला काही लागले नाही. घासून काढण्यात जे एक क्रूर समाधान असते ते तिला या कामात रोज मिळायचे. ज्या दिवशी थर जाड असे त्या दिवशी ते जास्त मिळायचे.

"अगं," खालून सासूबाई म्हणाल्या, "आता आलाय की."

"काय?"

"फेस."

धाकटी स्टुलावरून उतरली. काचेच्या खालच्या कडेला पांढरी रेघ होती. बघता बघता ती बोटभर झाली. चादरी तिच्यात पडत होत्या आणि तिला घेऊन वर जात होत्या.

ती रोज या वेळी स्टुलावर असायची. काच तिच्या गुडघ्यांच्या खाली असायची.

तिच्या डोक्यात हिशोब आपोआप सुरू झाला, थांबव म्हटले तरी थांबेना. कप्प्याचे भोक ड्रममध्ये उघडते. ड्रममध्ये चादरी आहेत. यानंतर पाणी नाही. अभ्रे दुपारच्या पाळीत कधीच नसतात. एकोणतीस.

मग पाणी खाली जायला लागले. फेस काचेला चिकटून मागे राहिला.

"हा साबण माझा नाही," धाकटी म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "आई, तुम्ही बघितलंत, सकाळी त्यांनी... मी मोजून घातली होती. हा सगळा त्यांचा आहे."

"ओतला कोणी?" सासूबाईंनी विचारले.

"त्यांनी कप्पा धुतला असता तर मला ओतावा लागला असता का?"

"मी धुवत नाही," थोरली म्हणाली. "म्हणून माझा तिथंच राहतो. चूळ भरून झाल्यावर पुन्हा घास तू घेतेस, मी नाही."

धाकटी गर्रकन वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला? मला काय कळतंय, बाई. मी अडाणी." थोरली पुढे आली, मशीनला टेकली आणि काचेवरचा फेस बोटाने दाखवत अगदी मायेने म्हणाली, "असं कर, अजून एकदा फिरव. दाब ते बटण. तुझं ते रिन्स आउट. आम्ही कुठे काय म्हणतोय? घरचंच तर आहे."

बटण धाकटीच्या हातापासून वीतभर होते. एक फेरी, आणि पाणी नितळ निघाले असते. हे तिला पट्टीशिवाय सांगता येत होते. मांडीवरची बाटली सासूबाईंनी दोन्ही हातांनी धरली होती. दारात धाकटा येऊन उभा राहिला होता. रोलर बंद होता. त्याला सगळे ऐकू येत होते आणि या वेळी ते लपवायचे कसे हे त्याला सुचत नव्हते.

"एक थेंब जास्त नाही," थोरली म्हणाली, "असं कोणीतरी म्हणालं होतं खरं. पण जाऊ दे. लहान आहेस तू."

ते 'लहान आहेस' धाकटीला कानफटात बसल्यासारखे लागले. तिने हात मागे घेतला.

"नाही," ती म्हणाली. "रिकामी बाटली द्या."

"राहू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "दिसलं ते दिसलं."

"दिसलं म्हणजे मोजलं नव्हे. बाटली द्या."

मशीनने पिळून घेतले आणि थांबले. तिने दार उघडले, वरची चादर ओढली, आणि दात आवळून पिळली. पाणी बाटलीत धारेने आले नाही, थेंबाथेंबाने आले. तिने बुचाएवढे होईपर्यंत पिळले. मग तिसरी बाटली नळाखाली धरून भरली.

तिन्ही बाटल्या तिने घड्यांच्या टेबलावर नेल्या, भिंतीकडे तोंड असलेल्या. वृद्धाश्रमाचा गठ्ठा बाजूला सारला. प्रत्येक बाटलीत एक पट्टी बुडवली, झटकली आणि पांढऱ्या अभ्र्यावर ओळीने ठेवली. रंग स्थिर होईपर्यंत ती थांबली. थोरली तिच्या पाठीमागे येऊन उभी राहिली होती, पूर्वी राहायची तशीच, इतक्या जवळ की तिचा श्वास मानेला लागत होता.

"मला रंग नीट कळत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "तूच वाच. मोठ्याने वाच."

धाकटीने डबी पट्ट्यांशेजारी धरली. एकेक रंग जुळवला, शेवटचा दोनदा.

नळाचे पाणी सात. थोरलीची बाटली साडेसात. धाकटीची साडेदहा.